सही कोणाची? निवृत्तांच्या संघटनेचं कार्यकारी मंडळ कसं चालतं

(दादरच्या शिवाजी पार्क परिसरात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



साडेपाचची वेळ दिली होती आणि पाचलाच निम्म्या खुर्च्या भरल्या. निवृत्तांची सभा आहे, याला आणखी पुरावा नको. (हशा) आम्हीही तुमच्यातलेच. आमच्या मंडळात कोणी मंत्रालयात होतं, कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात, कोणी महापालिकेच्या शाळेत. गेली काही वर्षं आम्ही एका छोट्या निवृत्त कर्मचारी संघटनेचं काम बघतो. त्या कामात काय शिकलो, कुठे चुकलो, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात कट्ट्यापासून करू. हे मैदान महापालिकेने १९२५ साली खुलं केलं, तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं शिवाजी पार्क झालं. आज सकाळी फेरी मारून झाली की कट्ट्यावर जे विषय निघतात ते आपल्याला पाठ आहेत. महागाई भत्ता किती वाढला, कोरोनातल्या अठरा महिन्यांचा थकलेला भत्ता मिळणार की नाही, हयातीचा दाखला मोबाइलवर कसा काढायचा. माहिती भरपूर मिळते, त्यातली निम्मी बरोबरही असते. पण ती चुकली तर जबाबदार कोण? कोणीच नाही. ‘अमक्याने सांगितलं होतं’ म्हणून आपण घरी येतो. संघटनेत मात्र कोणीतरी कागदावर सही करतं. आजचा सगळा विषय त्या सहीचा आहे.

संघटना हवीच कशाला?

दरवर्षी १७ डिसेंबरला आपण पेन्शनर दिन साजरा करतो. हार, भाषणं, सामोसे, सगळं होतं. पण तीच तारीख का, हे विचारलं तर बरेच जण अडखळतात. म्हणून थोडं सविस्तर.

२५ मे १९७९ रोजी केंद्र सरकारने पेन्शन मोजण्याचं नवं, अधिक फायद्याचं सूत्र आणलं. ते लागू होणार होतं ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. म्हणजे त्याच हुद्द्यावर, तितकीच वर्षं नोकरी करून जो माणूस एक दिवस आधी घरी गेला, त्याला कायम जुन्या, कमी हिशेबाने पेन्शन. डी. एस. नाकरा हे संरक्षण मंत्रालयातून वित्तीय सल्लागार म्हणून १९७२ साली निवृत्त झाले होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, आणि निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही सरकारने मर्जीने दिलेली बक्षिसी नाही, केलेल्या सेवेतून मिळालेला तो हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांचे असे दोन गट पाडता येणार नाहीत.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. आम्हाला त्या खटल्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अर्जदार तिघे होते: नाकरा, सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि तिसरी एक नोंदणीकृत संस्था, ‘कॉमन कॉज’. एच. डी. शौरी या निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांनी ती काढलेली. विचार करा, देशभरातले हजारो म्हातारे पेन्शनर, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिल्ली झेपत नाही. प्रत्येकाने वेगळा दावा लावायचा? तो भार संस्थेने उचलला.

हीच संस्था पुढे पेन्शनच्या अंशराशीकरणाच्या, म्हणजे आपल्या बोलीत कम्युटेशनच्या प्रश्नावर पुन्हा न्यायालयात गेली. आपण निवृत्त होताना पेन्शनचा एक हिस्सा विकून एकरकमी पैसे घेतो. तेवढी रक्कम दरमहा कापली जाते. पूर्वी ही कपात मरेपर्यंत चालायची. १९८६ च्या निकालानंतर १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन परत सुरू होते. आज इथे बसलेल्यांपैकी ज्यांची कपात थांबली आहे, त्यांच्या पासबुकात त्या संस्थेचं काम दर महिन्याला जमा होतंय.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा १९२० साली झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या निवृत्तांनी आपली संघटना काढली. हक्क मिळाला की त्याची राखण करणारं कोणीतरी लागतं, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

मंडळ म्हणजे कायद्याने काय?

आता मुख्य भाग. चार मित्र जमले आणि लेटरहेड छापलं म्हणजे संघटना होत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. उद्देशपत्र आणि नियमावली लागते. कारभार पाहणाऱ्यांची यादी दरवर्षी निबंधकांकडे द्यावी लागते. महाराष्ट्रात अशा अनेक संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेल्या असतात, म्हणजे वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलं. तिथे नोंद असेल तर मंडळातला कोणी बदलला, वारला, राजीनामा देऊन गेला की ९० दिवसांत बदल अर्ज भरायचा असतो. आपण त्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतो. हिशेबाचं दरवर्षी लेखापरीक्षण करायचं. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी.

पदं तीन महत्त्वाची. अध्यक्ष सभा चालवतात आणि वाद झाला तर तो मिटवतात. चिटणीस नोटीस काढतात, इतिवृत्त लिहितात, पत्रव्यवहार पाहतात. खजिनदार पावती फाडतात, चेक लिहितात, हिशेब ठेवतात. बाकीचे मंडळ सदस्य म्हणजे शोभेचे नव्हेत. ठरावाला हात वर केला की त्या निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावरही येते. ‘मी फक्त मेंबर होतो, मला काही माहीत नव्हतं’ हे उत्तर चौकशीत चालत नाही.

इथे आपल्या मंडळींची एक गंमत होते. आपण सगळे फायलीत मुरलेले. टिपणी कशी लिहायची ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ऑफिसात टिपणी टाईप करायला कोणी होतं, फाईल आणायला शिपाई होता. इथे उपसचिव म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला स्वतः पाकिटावर तिकीट लावून पोस्टात जावं लागतं. काहींना ते जमतं, काहींना अपमान वाटतो. दुसरी गोष्ट ‘साहेबा’ची. आमच्या एका सभेत एका माजी शिपायाने खर्चाचा प्रश्न विचारला आणि व्यासपीठावरून उत्तर आलं, ‘तुम्ही खाली बसा.’ तो बसला. पुढच्या सभेला आलाच नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता, हे आम्हाला ताळेबंद तपासताना कळलं. निवृत्तीनंतर वेतनश्रेणी संपते आणि संघटनेत प्रत्येकाला एकच मत असतं. हे घोकून घ्यावं लागतं, कारण तीस-पस्तीस वर्षांची सवय असते.

आमच्याकडे काय झालं

आता आमची चूक सांगतो. कोणा कार्यालयाची किंवा बँकेची तक्रार म्हणून सांगत नाही, कारण दोष आमचाच होता.

आमचे एक चिटणीस होते. वर्षानुवर्षं तेच. अतिशय सज्जन, कामाला वाघ. संघटनेचं दप्तर त्यांच्या घरच्या कपाटात, पासबुक त्यांच्याकडे, सगळ्यांचे फोन नंबर त्यांच्या डायरीत. दर निवडणुकीला कोणीतरी म्हणायचं, ‘भाऊ आहेत ना, मग काळजी कसली?’ आणि सर्वानुमते भाऊ. एका पावसाळ्यात भाऊ अचानक गेले. दिवस झाल्यावर वहिनींनी कपाट उघडून दिलं. सगळे कागद नीट लावलेले होते. फक्त मागच्या तीन निवडणुकांचे बदल अर्ज भरलेलेच नव्हते.

याचा परिणाम काय? बँकेच्या खात्यावर तिघांच्या सह्या होत्या, कोणत्याही दोघांची लागायची. भाऊ गेले, दुसरे आधीच मुलाकडे परदेशी गेलेले. उरले एक. नव्या सह्या नोंदवायला बँकेने शेड्युल एकचा ताजा उतारा मागितला. उताऱ्यावर नावं होती जुन्या मंडळाची, त्यातले अर्धे हयात नव्हते. बँकेचं काही चुकलं नाही, आम्ही त्या खुर्चीत असतो तर तेच मागितलं असतं. मग उशीर माफ करण्याचे अर्ज, जुनी इतिवृत्तं शोधणं, राजीनामे, मृत्यूचे दाखले, वरळीच्या फेऱ्या. वर्षाहून जास्त काळ आमच्या पैशाला आम्हालाच हात लावता आला नाही.

त्याच काळात आमच्या एका सभासदाच्या पत्नीला मदतीची गरज पडली. यजमान वारले होते आणि कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला वेळ लागत होता. अशा वेळी तातडीची रक्कम द्यायची म्हणून आमचा वेगळा निधी आहे. निधी होता, ठराव झाला, चेक देता येईना. शेवटी आम्ही खिशातून वर्गणी काढली. त्या बाईंनी पैसे घेतले, पण विचारलं, ‘हे संघटनेचे का तुमचे?’ आम्ही खोटं सांगितलं, संघटनेचे. त्यांचे यजमान पंचवीस वर्षं वर्गणी भरत होते. हक्काचे पैसे घेताना त्यांना उपकार वाटू नयेत, एवढंच आमच्या हातात होतं.

त्यानंतर आम्ही काय बदललं

एक: दप्तर कोणाच्याही घरी एकट्याचं नाही. मूळ कागद एका जागी, त्यांच्या छायाप्रती दुसऱ्याकडे, स्कॅन तिसऱ्याकडे. नोंदणीचं प्रमाणपत्र, नियमावली, शेवटच्या निवडणुकीचं इतिवृत्त, बदल अर्जाची पोच, पॅन, बँकेचं पत्र एवढं कोणत्याही दिवशी दहा मिनिटांत सापडलं पाहिजे.

दोन: निवडणूक झाल्यावर पुढच्या सभेचा पहिला विषय ‘बदल अर्ज भरला का?’ हा. पोच दाखवल्याशिवाय चहा नाही. (हशा)

तीन: प्रत्येक पदाला जोडीदार. सहचिटणीस आणि सहखजिनदार हे नुसते मानाचे नकोत. वर्षातल्या निदान दोन सभांची इतिवृत्तं सहचिटणीसांनी लिहायची. सलग दोन मुदतींनंतर पद सोडायचं, माणूस कितीही चांगला असला तरी. चांगल्या माणसालाच आपण सर्वात जास्त राबवतो आणि मग त्याच्याबरोबर संस्थाही आजारी पडते.

चार: आजीव वर्गणी वेगळी ठेवायची. पुष्कळ संघटनांनी पूर्वी शंभर-दोनशे रुपयांत आजीव सभासद केले आणि ते पैसे त्याच वर्षी स्नेहसंमेलनात संपवले. पुढची वीस वर्षं त्या सभासदाला पत्रं पाठवायची कशातून? आजीव वर्गणी मुदत ठेवीत राहिली पाहिजे, खर्च तिच्या व्याजातून.

पाच: कुटुंब निवृत्तिवेतनधारक भगिनींना पूर्ण सभासदत्व आणि मंडळात जागा. बऱ्याच नियमावल्यांत सभासद म्हणजे फक्त निवृत्त कर्मचारी. तो गेला की त्याची पत्नी संघटनेच्या बाहेर. नेमकी तेव्हाच तिला संघटना लागते. आमच्याकडे आता अशा दोन भगिनी मंडळात आहेत. कोणाकडे दुःखद घटना घडली की पहिल्या त्या जातात, कारण काय विचारायचं आणि कधी विचारायचं हे त्यांना स्वानुभवाने कळतं.

त्या घरी गेल्यावर काय बघतात तेही सांगतो. पीपीओ कुठे आहे? त्यात पत्नीचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का? पेन्शनचं खातं संयुक्त आहे का? केंद्राच्या पेन्शनरांचं खातं पत्नीबरोबर संयुक्त असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. दर कोणता लागतो? केंद्राच्या नियमांनुसार निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सुरुवातीला वाढीव दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, सात वर्षं किंवा पतीचं वय ६७ झालं असतं त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. मग ते ३० टक्क्यांच्या दरावर येतं. हे आधी माहीत नसेल तर एका महिन्यात पेन्शन अचानक उतरते आणि बाई घाबरून जाते. उलट बाजूही आहे. केंद्राच्या पेन्शनरांना ८० व्या वर्षापासून २० टक्के जादा पेन्शन मिळते, पुढे दर पाच वर्षांनी ती वाढते आणि शंभरीला दुप्पट होते. कुटुंब निवृत्तिवेतनालाही ती लागू आहे. पण जन्मतारखेचीच नोंद नसेल तर ते ८० वं वर्ष कागदावर येतच नाही.

काय करू नये

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची धांदल सुरू होते. राज्य शासनाचे पेन्शनर बँकेत येणाऱ्या यादीवर सही करतात. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आहे, २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच सोय आहे. मंडळाचे कार्यकर्ते घरोघर जाऊन मदत करतात, चांगलंच आहे. पण नियम ठरवून घ्या. ओटीपी सभासदाने स्वतः टाकायचा. कोणाचा पिन, पासवर्ड, कोरा सही केलेला चेक कार्यकर्त्याने जवळ ठेवायचा नाही, सभासदाने कितीही आग्रह केला तरी. ‘पेन्शन ऑफिसातून बोलतोय’ म्हणून फसवणारे फोन येतात. आपणच लोकांना नंबर सांगायची सवय लावली तर तो चोर आणि आपण यातला फरक आजोबांना कसा कळणार?

आणि चुकीचं आश्वासन देऊ नये. ‘तुमचं काम करूनच देतो’ असं सांगू नये. ‘अर्ज नीट लिहून देतो, पोच घेतो, दर महिन्याला विचारतो’ एवढं सांगावं आणि तेवढं करावं.

पुढचे सभासद कोण?

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना आपली जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी याच मागणीसाठी संपावर गेले होते. ही मंडळी आता निवृत्त होऊ लागली आहेत. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत: फंडाची रक्कम, वार्षिकी, नव्या योजनांतली निवड. आपण म्हणतो, ‘तरुण मंडळी संघटनेत येत नाहीत.’ पण आपल्या सभेत चार तास फक्त आपल्याच फरकाची चर्चा चालते, मग त्यांनी यायचं कशासाठी? आम्ही गेल्या वर्षी अशा एका नुकत्याच निवृत्त झालेल्या बाईंना सहखजिनदार केलं. पहिल्याच सभेत त्यांनी विचारलं, ‘एनपीएसबद्दल इथे कोणाला काही माहिती आहे का?’ कोणालाच नव्हती. आता आम्ही त्यांच्याकडून शिकतोय.

काही प्रश्न

*एक श्रोते: आमच्याकडे निवडणुकीला कोणी उभंच राहत नाही. काय करायचं?*

पद मोठं करून मागू नका. ‘चिटणीस व्हा’ म्हटलं की माणूस पळतो. ‘तीन महिने फक्त पावत्या तपासा’ म्हटलं की बसतो. आमच्याकडचे निम्मे पदाधिकारी असेच अडकले. (हशा) आणि कामाची यादी लिहून द्या. किती वेळ लागेल हे माहीत नसेल तर कोणीही घाबरणारच.

*एक श्रोत्या: पदाधिकाऱ्यांनी मानधन घ्यावं का?*

आधी तुमची नियमावली पाहा, तिच्यात नसेल तर घेताच येत नाही. पण प्रवासखर्च पावती दाखवून जरूर घ्यावा. ‘मी एक पैसा घेत नाही’ हा मोठेपणा परवडणारेच मग पदावर येतात. चतुर्थश्रेणीतून निवृत्त झालेल्या माणसाला वरळीला दहा फेऱ्या खिशातून मारायला लावणं बरोबर नाही.

*एक श्रोते: माझं वय ८१. मला गुडघ्यांमुळे फिरता येत नाही. माझा काय उपयोग?*

तुमच्याकडे फोन आहे ना? आम्हाला हवा असलेला माणूस तुम्हीच. आमच्याकडे एक आजोबा रोज सकाळी पाच सभासदांना फोन करतात. ‘कसे आहात’ एवढंच विचारतात. एकदा एका घरी दोन दिवस फोन उचलला गेला नाही, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना कळवलं. गृहस्थ न्हाणीघरात पडले होते, वेळेवर रुग्णालयात पोचले. आमच्या इतिवृत्तात त्या महिन्याचं हेच मोठं काम नोंदलं आहे.

वेळ संपली. जाताना एकच विनंती. उद्या सकाळी कट्ट्यावर जाल, तेव्हा आपापल्या संघटनेच्या चिटणीसांना विचारा, शेवटच्या बदल अर्जाची पोच कुठे आहे? रागावले तरी चालेल, पण पोच पाहिल्याशिवाय उठू नका.